वैजूच्या सोबतीला

"एकटी पोरगी खिंडीतनं जानार व्हय, गुरुजी? डोकं ठिकानावर हाय न्हवं तुमचं?"

गिरणी चालू होती, म्हणून तात्या ओरडून बोलत होते आणि जंगम गुरुजींनाही ओरडूनच उत्तर द्यावं लागत होतं. गुरुजींचा आवाज मुळात बारीक. वर्गात त्यांनी टेबलावर छडी आपटली तरी पोरं हसायची. भाताच्या कोंड्यानं त्यांचे केस आणि भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, पण ते जागचे हलले नव्हते.

"एकटी कशाला?" ते ओरडले. "मालन आहे की सोबतीला!"

मालन म्हणजे मी. दादांची भाकरी घेऊन गिरणीच्या दारात उभी होते. दादा, म्हणजे माझे वडील, तात्यांच्या गिरणीत हमाल. पाठीवर पोतं घेऊन चालले होते, ते माझं नाव ऐकून तसेच वाकलेले थांबले.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. गिऱ्हाईक पोत्यात हात घालून तांदूळ पाहतं, तसं पाहिलं. मग म्हणाले, "ही जात आसंल तर आमची वैजू जाईल. न्हाई तर न्हाई. काय रं ज्ञानू, धाडतोस न्हवं पोरीला?"

"तुमी म्हनाल तसं, तात्या," दादा पोत्याखालून म्हणाले.

झालं. एवढ्यावर माझं हायस्कूल ठरलं. भाजीवर मूठभर कोथिंबीर फुकट टाकतात ना, तशी मी वैजूवर टाकली गेले. पण मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. मी भाकरीचं फडकं तिथंच ठेवलं आणि घरापर्यंत पळत सुटले.

आमच्या करंजवाडीत शाळा सातवीपर्यंत. पुढचं हायस्कूल खिंडीपलीकडच्या पेठेत. मुलगे जायचे, मुली जायच्या नाहीत. कुणी बंदी घातली होती असं नाही. रीतच अशी होती की मुलगी सोबतीशिवाय कुठं जात नाही. ओढ्यावर नाही, रानात नाही, देवळात नाही. आणि सोबत म्हणजे मुलीला मुलीची. भाऊ असला तर तो पुढं निघून जातो, त्याची सोबत धरत नसत. सातवी झालेली एखादीच मुलगी असायची, तिला सोबत कोण देणार? त्यामुळे शाळा आपोआप सुटायची आणि कुणाला वाईटपणा घ्यावा लागायचा नाही. त्या वर्षी पहिल्यांदाच वाडीत दोघी सातवी पास झाल्या होत्या. गुरुजींनी हे बरोबर हेरलं होतं.

वैजू म्हणजे वैजयंता, तात्यांची धाकटी. तात्या आमच्या भावकीतले, आडनाव एकच. पण ही भावकी सुतक पाळण्यापुरती. एरवी ते गिरणीचे मालक आणि आम्ही त्यांची माणसं. वैजू गोरी, अंगानं भरलेली, हसायला कारण न लागणारी. अभ्यासात तिचं डोकं चालत नसे, म्हणजे ती चालवतच नसे. सातवीच्या परीक्षेत गणिताच्या पेपराला ती माझ्या मागे बसली होती आणि पास झाली होती, एवढं सांगितलं तरी पुरे. तिला हायस्कूल हवं होतं ते पेठेतल्या आईसफ्रूटसाठी. मला कशासाठी हवं होतं हे तेव्हा सांगता आलं नसतं. फक्त हवं होतं, भूक लागल्यावर भाकरी हवी असते तसं.

निकाल लागला आणि त्याच आठवड्यात गुरुजी आम्हा दोघींना हायस्कूल दाखवायला घेऊन गेले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "जूनमध्ये एकदम गेलात तर बुजाल," ते म्हणाले. "आधी वाट बघा, वर्ग बघा, माणसं बघा. मग शाळा आपली वाटते." खिंडीतून जाताना ते पुढं आणि आम्ही मागं. कुठं पाय जपून टाकायचा, पावसाळ्यात कुठला ओहोळ वाढतो, कुणी मध्येच गाठलं तर कुठल्या वस्तीवर हाक मारायची, सगळं ते दाखवत होते. त्या वस्तीवर थांबून त्यांनी तिथल्या म्हातारीला आमची नावंसुद्धा सांगितली. एवढा विचार आमच्या घरच्यांनी आमचा कधी केला नव्हता.

हायस्कूलला सुट्टी होती. हेडमास्तर तेवढे होते. जाडजूड चष्म्याचा माणूस, टेबलावर तांब्या-भांडं. त्यांनी आम्हाला पाहून गुरुजींना विचारलं, "करंजवाडीच्या मुली? टिकतील का? वर्षभरात घरी बसवतात हो, आणि आमचा पट मोडतो."

गुरुजी ताठ झाले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ही मालन. वर्गात पहिली. कामाला चपळ, पडेल ते करते. सांगितलेलं एकदा ऐकते, उलट शब्द नाही. चार माणसांत कसं वागावं हे हिला सांगावं लागत नाही. ही कुठंही गेली तरी नाव काढील, मी लिहून देतो."

माझी मान खाली. पण कान तापले होते ते आनंदानं. इतकं चांगलं माझ्याबद्दल कुणीच कधी बोललं नव्हतं. आई तर "दिवटी" म्हणूनच हाक मारायची.

"आणि ही?"

"ही वैजयंता," गुरुजी जरा थांबले. "ही हिच्या सोबतीनं शिकेल."

वैजूनं मला चिमटा काढला. हेडमास्तरही हसले. म्हणाले, "दोघींचे दाखले घेऊन या. शाळा उघडायच्या आधी."

मग त्यांनी शिपायाकडून आठवीचा वर्ग उघडवला. आत बाकं होती. आमच्या शाळेत बस्करं, इथं बाकं. वैजू खिडकीतून आईसफ्रूटची गाडी दिसते का ते बघत होती. मी दुसऱ्या रांगेतल्या बाकावर बसले. हात समोर ठेवले. समोर रिकामा फळा होता. तेवढंच. मी तिथून उठायला तयार नव्हते, शेवटी गुरुजींना दोनदा हाक मारावी लागली.

पुढं पंधरवडाभर गुरुजी सुट्टीतही शाळेत बोलवून इंग्रजी वाचून घ्यायचे. वैजू यायची आणि भिंतीला टेकून झोपायची. मी खिंडीत पायाला लागेल म्हणून दादांकडे चपलांचा हट्ट धरला होता, आणि दादाही "बघू बाजारच्या दिवशी" म्हणाले होते. सगळं सुरळीत चाललं होतं.

एका सकाळी ओढ्यावर धुणं धुताना वैजू म्हणाली, "आगं, मला बघायला येनार हाईत."

माझ्या हातातलं धुणं तसंच राहिलं. "कोन?"

"मोठ्या काकीच्या माहेरचं. पोरगा साखर कारखान्यावर स्लिपबॉय हाय म्हनं. उसाच्या स्लिपा वाटतो. फटफटी हाय त्येच्याकडं." तिनं तोंड वाकडं केलं. "कान लई मोटं हाईत म्हनं."

"तुला करायचंय लगीन?"

"मला? येड लागलंय का? मला आईसफ्रूट खायाचंय."

ती हसत होती. मला हसू येईना. वैजूचं लग्न म्हणजे माझी सोबत गेली. सोबत गेली म्हणजे खिंड बंद. आठवीचा वर्ग, दुसऱ्या रांगेतलं बाक, सगळं गेलं. मी दगडावर बसून विचार करू लागले. मी वर्गात पहिली होते ना, मग मलाच काहीतरी सुचायला हवं होतं. आणि सुचलं.

"वैजे, त्येंनी तुला नापसंत केलं तर?"

"तात्या मला हानतील."

"तुझ्यामुळं केलं आसं दिसायचं न्हाई. तू फकस्त वेंधळी वाग. तुला ते जमतंय."

तिनं माझ्या तोंडावर पाणी उडवलं. पण डोळे चमकले. त्या दिवशी धुणं तसंच ठेवून आम्ही सगळा बेत रचला. चालताना पाय आपटायचे. बसताना पदर सुटू द्यायचा. स्वयंपाकाचं विचारलं तर खरं ते सांगायचं. वाचायला सांगितलं तर नेहमीसारखं वाचायचं, त्यात मुद्दाम काही करायची गरज नव्हती. आणि चहाचा ट्रे आणताना हात सोडायचा. वैजू इतकी हसली की ओढ्यात घसरून पडली.

"आनि तू?" तिनं विचारलं.

"मी आत काकीला हात लावीन. काय बिघडलं तर निस्तरायला मी हाय की."

पाहुणे आले त्या दिवशी काकींनी, म्हणजे वैजूच्या आईनं, मला सकाळपासून बोलावून घेतलं होतंच. तात्यांच्या घरी काही कार्य निघालं की आमच्या घरातलं कुणीतरी तिथं असायचंच. पोहे मी केले, रवा मी भाजला, ओसरी मी सारवली. काकी म्हणाल्या, "माले, तू हाईस म्हनून निभावतंय." मी खाली मान घालून आतल्या आत हसत होते.

पाहुण्यांत मुलाची आई होती, मामा होता, आणि स्वतः मुलगा. मुलाचे कान खरोखरच मोठे होते. मामा गावोगाव लग्नं जुळवण्यात मुरलेला, सतत सुपारी कातरणारा माणूस. बोलायचं सगळं त्यानंच.

वैजू धाडधाड पाय आपटत आली. बसली ती पाटाच्या कडेला, आणि पाट उलटला. मामानं सुपारी कातरायची थांबवली.

"भाकरी येती का बाळ?"

"येती," वैजू म्हणाली. "करपती."

आत मी तोंडात पदर कोंबला. तात्या घसा खाकरून म्हणाले, "लाडाची हाय जरा. शिकंल."

"कालवन?"

"कालवन आई करती."

मग मामानं खिशातून घडी घातलेलं वर्तमानपत्र काढलं आणि तिच्यापुढं धरलं. वैजूनं एका ओळीला तीनदा ठेच खाल्ली आणि चौथ्या शब्दाला सरळ पत्र खाली ठेवलं. मुलाची आई कपाळावर आठी घालून बसली होती. आता फक्त चहा राहिला होता. वैजू आत आली, मी ट्रे तिच्या हातात दिला, तिनं मला डोळा मारला. बाहेर जाऊन तिनं तो असा सोडला की अर्धा चहा मामाच्या धोतरावर गेला.

ओरडा झाला. तात्या उठले, काकी नुसत्याच दारात उभ्या राहिल्या. मी फडकं आणि पाण्याचा तांब्या घेऊन धावले. मामांना पाणी दिलं, खाली पुसलं, कपबशीचे तुकडे गोळा केले, आणि आत जाऊन दुसरा चहा घेऊन आले. पहिल्यांदा मुलाच्या आईला दिला, मग मामांना. वैजू चांगली वाटू नये एवढंच मला बघायचं होतं. मी कशी वाटते, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"तू कुनाची गं?" मुलाच्या आईनं विचारलं.

"ज्ञानूची. मालन."

"भावकीतलीच हाय," काकी लगेच म्हणाल्या. "दोघी संगं हायस्कुलात जानार हाईत."

"व्हय? मग तू वाच की." मामानं ओलं झालेलं वर्तमानपत्र झटकून माझ्याकडे दिलं.

मी वाचलं. आता वाटतं, तिथं तरी अडखळायला हवं होतं. पण मला वाचायला दिल्यावर अडखळायचं कसं हे मला येतच नव्हतं. गुरुजींनी शिकवल्यासारखं, स्वल्पविरामाला थांबत, पूर्णविरामाला मान उचलत, मी सगळी बातमी वाचून दाखवली. मुलगा पहिल्यांदाच वर बघत होता. मला वाटलं, बघा, असं वाचायचं असतं. मोठ्या शाळेत जाणारी मुलगी आहे मी.

पाहुणे काही न ठरवता गेले. "कळवतो," एवढंच म्हणाले. त्याचा अर्थ वाडीत लहान पोरालाही कळत होता. तात्यांनी वैजूला एक थोबाडीत दिली. संध्याकाळी गिरणीमागं ती सुजलेला गाल घेऊन आली, आणि आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून पोट दुखेपर्यंत हसलो. "धोतरावर!" ती परत परत म्हणत होती. "मामाच्या धोतरावर!" माझ्या आयुष्यात मी इतकी खूश कधी झाले नव्हते, नंतरही नाही.

पाहुणे सरळ गावी गेले नव्हते. वाटेत शाळा लागते. गुरुजी पंपानं सायकलमध्ये हवा भरत होते. मामानं फटफटी थांबवून रामराम घातला आणि विचारलं, "गुरुजी, ती ज्ञानूची मालन हायस्कुलात जानार हाय म्हनं, कशी हाय हो पोरगी?" गुरुजींना वाटलं, पेठेकडची माणसं आहेत, हायस्कूलच्या समितीतलं कुणीतरी असेल. पोरीचं नाव घेऊन, तिच्या हायस्कूलला जाण्याचा विषय काढत कुणी विचारतंय म्हटल्यावर त्यांना दुसरं काय वाटणार? त्यांनी पंप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. वर्गात पहिली. कामाला चपळ. सांगितलेलं एकदा ऐकते, उलट शब्द नाही. चार माणसांत कसं वागावं सांगावं लागत नाही. कुठंही गेली तरी नाव काढील.

"लिहून देता?" मामानं गमतीनं विचारलं म्हणे.

"देतो की," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मामा आमच्या खोपटात येऊन बसला. बसायला त्याला आईनं नवी वाकळ टाकली. तो म्हणाला, नारळ आणि मुलगी द्या, बाकी सगळं आमच्याकडं. दादांना आधी ऐकूच आलं नाही. मग ते उठून उभे राहिले, मग परत बसले, मग मामाच्या पाया पडायला वाकले. तात्यांच्या मुलीला बघायला आलेलं घर आमच्या दारात आलं होतं. दादांच्या जागी कुणीही असतं तरी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं असतं, हे मी आज म्हणू शकते. तेव्हा मी चुलीपाशी उभी राहून एकच वाक्य बोलले.

"मला शाळंत जायाचंय."

दादा रागावले नाहीत. रागावले असते तर भांडता आलं असतं. ते हसले, खूप दिवसांनी हसले. "आगं येडे, आता कुनाच्या सोबतीनं जानार तू शाळंला? तुझीच सोबत लागली की आता कुनाला तरी."

मामा गेल्यावर आईनं माझी वेणी सोडली आणि तेल लावून पुन्हा घातली. ती स्वतः बाराव्या वर्षी आली होती इथं. मी मागं वळून विचारलं, "आई, तू तरी सांग की." तर ती म्हणाली, "मान सरळ ठेव."

तात्या भडकले. आपल्या पोरीचं स्थळ हमालाच्या पोरीनं पळवलं, म्हणून त्यांना गावात तोंड दाखवायला नको झालं. दादांना त्यांनी दोन दिवस गिरणीत पाऊल टाकू दिलं नाही. आणि तिसऱ्या दिवशी, आपण ज्ञानूपेक्षा खाली नाही हे दाखवायला, त्यांनी जाहीर करून टाकलं की वैजूला ते कराडला आत्याकडं ठेवून शिकवणार. तिथं शाळा घराच्या समोरच होती. सोबतीची गरज नव्हती. वैजू जाताना मला भेटायला आली तेव्हा तिचा गाल अजून हिरवट होता.

"मला न्हाई जायाचं, माले," ती रडत म्हणाली. "तू जा की माज्या जागी."

जागा तिची होती. माझी त्यात कधीच नव्हती.

गुरुजींना कळलं ते सर्वात शेवटी, पाहुणे गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते उरलेल्या सुट्टीसाठी त्यांच्या गावी गेले होते म्हणून. परत आले ते सरळ आमच्या दारात. धापा टाकत होते. खिशातून कागदाची घडी काढून दादांपुढं धरली.

"ज्ञानू, अरे दाखला काढलाय मी तिचा! हेडमास्तरांना शब्द दिलाय. आणि हे काय चालवलंयस तू?"

दादा ओशाळले. गुरुजींसमोर ते कधी खाटेवर बसत नसत, आताही उभेच होते. "गुरुजी, चांगलं घर हाय. पोरगा नोकरीला हाय."

"तेरा वर्षांची आहे ती! कायदा आहे, ज्ञानू. मी पोलिसात जाईन."

ओसरीच्या कडेला तात्या उभे होते. राग ओसरून आता ते दादांच्या बाजूचे झाले होते; भावकीच्या लग्नात मान घ्यायला ते मोकळे होतेच. ते हसले. "कुटल्या तारखेनं तेरा, गुरुजी? तुमीच लिवलेल्या न्हवं? सारी वाडी एक जूनला जन्मलीय तुमच्या वहीत."

खरं होतं ते. आम्हा सगळ्यांची जन्मतारीख एक जून होती. कुणालाच खरी माहीत नव्हती, आणि पोरांना शाळेत घ्यायचं म्हणून गुरुजींनी सगळ्यांना एकच दिली होती.

"ज्ञानू," ते खाली आवाजात म्हणाले, "मोड हे लग्न. मी हात जोडतो."

"आता मोडलं तर तिला पुन्ना कोन घेनार?" दादा म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं गुरुजी कशानं चिडलेत. "आन् गुरुजी, तुमी तर सांगितलंसा त्येंना. पोरगी चांगली हाय म्हनून. तुमच्या शब्दावरच तर त्येंनी पसंत केली. तात्याच्या दारात त्येंचं मन हुईना. तुमी सांगितलंसा, तवा ठरलं."

"मी?" गुरुजी म्हणाले.

"फटफटीवाले. शाळंपाशी."

गुरुजींच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी दारातून पाहिलं. आधी ते आठवत होते. मग आठवलं. हातातली घडी ते परत खिशात घालायला गेले, पण खिसा सापडेना, दोनतीनदा चाचपडले. मला वाटलं आता ते काहीतरी बोलतील, मोठ्यानं ओरडतील, छडी आपटतील. मी पोरांसारखी हसणार नव्हते. पण ते माझ्याकडं न बघता निघून गेले.

पोलिसात ते गेले नाहीत. का गेले नाहीत हे मी त्यांना पुढं कधी विचारलं नाही. मला तर वाटतं, ते गेले असते तरी काही झालं नसतं. पण हे मी स्वतःच्या समाधानासाठी म्हणते, हेही मला कळतं.

लग्न शाळा उघडायच्या आदल्या रविवारी झालं. मंडपात कर्ण्यावर गाणी लागली होती. अंगावर हळद, डोक्याला जड मुंडावळ्या, पायांत दादांनी बाजारातून आणलेल्या नव्या चपला. शाळेसाठी मागितलेल्या चपला लग्नाला मिळाल्या. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि मग मानपान सुरू झाला. मामा कर्ण्यापाशी उभा राहून एकेकाचं नाव पुकारत होता. व्याह्यांना, भावकीला, तात्यांना. मग तो म्हणाला, "आता खरा मान ज्येंचा हाय, त्येंना बोलावतो. आमचे जंगम गुरुजी! हे स्थळ त्येंनी जुळवलं. त्येंनी सांगितलं, पोरगी सोनं हाय, घेऊन जा. तवा मी डोळं झाकून होकार दिला. या गुरुजी, म्होरं या!"

गुरुजी पार मागं, मंडपाच्या खांबाशी उभे होते. ते आलेत हे मला तोवर माहीतच नव्हतं. त्यांनी हातानं नको नको केलं. पण दोन माणसांनी त्यांना धरून पुढं आणलं. मध्यस्थाचा मान कुणी नाकारत नाही. नाकारला तर लग्नाला अपशकुन. मामानं त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला, डोक्यावर कोरी टोपी ठेवली. टोपी मोठी होती, भुवयांपर्यंत आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादांनी तर सगळ्यांत जोरात वाजवल्या.

मग त्यांना आमच्याकडं आणलं, नवरानवरी पाया पडतील म्हणून. नवरा पडला. मी पण पडले. उठताना त्यांचा चेहरा माझ्या अगदी जवळ होता. टोपीखालून त्यांच्या डोळ्यांतलं पाणी सरळ मिशांत उतरत होतं आणि नारळामुळे त्यांना ते पुसता येत नव्हतं. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. मला एकच गोष्ट विचारायची होती, कारण नंतर मला ती सांगणारं कुणी भेटणार नव्हतं.

"गुरुजी," मी हळूच म्हणाले, "आठवी लई अवघड असती का हो?"

कर्ण्यावर पुढचं नाव पुकारलं गेलं होतं. माणसं मागून ढकलत होती.

"नाही गं पोरी," ते म्हणाले. "तुला जड नसती गेली."